हत्तीकानाची पाच पिलं

उस्मानपुरा, छ. संभाजीनगर
३० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. भामास,
सप्रेम जयभीम व अ. आ. वि. वि.

त्या दिवशी आठ दिवसांनी पाणी आलं होतं. मी आधी पिण्याचे दोन हंडे भरले, मग निळा ड्रम, मग बादल्या, शेवटी कपड्यांचा टब. नळाची धार बारीक झाली तेव्हा भांडी घासायला बसले. हे खोलीच्या दारात उकिडवे बसून कुंड्यांतल्या हत्तीकानाची पानं ओल्या फडक्यानं पुसत होते. एकेक पान तळहातावर घ्यायचे आणि लहान मुलाचं तोंड पुसावं तसं पुसायचे. मी चहा ठेवू का म्हणून विचारलं. त्यांनी मान वर केली आणि मला त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला. मी मनात म्हटलं, बल्बचा उजेड असेल. बल्ब खोलीत लागलेला होता हे खरं, पण हे दारात बसले होते, दिवसाच्या उजेडात. मी तवा घासला, कढई घासली, मग चहा ठेवला. जुलैची अकरा तारीख होती.

हे तुला आज लिहायचं कारण म्हणजे काल एका कुंडीतलं खालचं पान पिवळं पडलं.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मधल्या माणसाकरवी मला हे बोलायचं नाही, म्हणून बसून सगळं लिहिते. कॉलेजच्या बागेतली माळ्याची खोली सप्टेंबरात सोडली, तेव्हा टेम्पोत भांड्यांच्या आधी मी या पाच कुंड्या ठेवल्या. मे महिन्यात यांनी मोठ्या हत्तीकानाच्या बुडाची पिलं सोडवून लावली होती. मोठं झाड आता नाही. तिथं गाड्या लावायला फरशी केली. म्हणजे यांच्या हातचं म्हणून जगात काही उरलं असेल तर या पाच कुंड्या आहेत. प्रणयच्या घराची गॅलरी उत्तरेला, तिसऱ्या मजल्यावर, वारा असा येतो की वाळत घातलेला टॉवेल ताठ होतो. म्हणून कुंड्या समोरच्या खोलीत, टीव्हीशेजारी ठेवल्या आहेत. निशा म्हणते की आई, पाहुणे आले की त्यांना उभंच राहावं लागणार, हत्ती आधीच बसलेत. चांगली आहे गं ती. बोलते, पण येता-जाता कुंडीला धक्का लागू देत नाही.

औरंगपुऱ्यात जाऊन घरातल्या झाडांवरचं एक पुस्तक आणलं. तू हसशील. पण मी अक्षरं शिकले तीच यांनी रंगवलेल्या पत्र्याच्या पाट्या उन्हात मांडता मांडता. ‘फुले तोडू नयेत’ हे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य. झाडाचं काही अडलं की मला अजून वाचावंसंच वाटतं. पुस्तकात लिहिलंय की हत्तीकान थंडीत उबदार जागी ठेवावे, माती कोरडी पडू देऊ नये. मी पडू देत नाही. सकाळ-संध्याकाळ पिण्याच्या हंड्यातलं पाणी कोमट करून घालते. तरी पान पिवळं पडलं.

मला सकाळी उठून समोरच्या खोलीत जायची भीती वाटते. आधी दारातून बघते, मग आत जाते. तू शेतातली बाई आहेस. काय करू ते लिही.

कडुबाजींना जयभीम सांग. माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर मला चालेल.

तुझी,
चंपाअक्का


वैजापूर
४ डिसेंबर

ती. अक्कास,
भामाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. अक्का, मी चौथी पास आन तू शाळेची पायरी चढली नाय, तरी तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं हाय. हे काय बरोबर नाय. पोस्टमन बी म्हणाला की शहरातल्या बाईचं अक्षर कसं छापल्यावानी असतंय.

तू चमकोऱ्याला एवढी भ्याली व्हय? त्याला तुमच्याकडं हत्तीकान म्हणा नायतर राजाचा कान म्हणा, हाय तो चमकोराच, वड्यांचा अळू. आपल्या आईचा चमकोरा मोरीच्या पाण्यावर वाढायचा. त्याला कुणी पुस्तक वाचून दाखवलं नव्हतं. थंडीत त्याची पानं पिवळी पडून लोळायची, पार मेल्यावानी दिसायचा. ऊन तापलं की परत डोकं वर. आई वड्या करायची तवा तूच चार जास्तीच्या खायचीस, ते इसरलीस का?

तर सांगायचं असं की पाणी कमी कर. नायच दिलं तर लई चांगलं. त्याला निजायचं असंल तर निजू दे. आपण झोपलेल्या माणसाला उठवून पाणी पाजतो का?

इथं गार वारा सुटलाय. कांद्याची लागवड चालू हाय, बाया मिळंनात, म्हणून मी बी वाफ्यात उतरते. कंबर धरती, पण ते रोजचंच. ऐकू येत नाय त्याचा एक फायदा झाला, वाफ्यात बायांची भांडणं होत्यात त्यात मला कुणी साक्षीला घेत नाय.

तुझं पत्र आमच्या मालकांनी बी वाचलं. वाचून चहा तसाच ठेवून रानात गेले. मी इचारलं तर पाणी बघायला जातो म्हणाले.

तू जेवत जा. प्रणय-निशाला जयभीम. रागावलीस तरी लिहायचं सोडू नको, एवढंच मागते.

तुझी,
भामा


उस्मानपुरा
९ डिसेंबर

चि. सौ. भामास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून थोडं हसले, पण तुझं ऐकलं नाही. हा आईचा मोरीवरचा चमकोरा नव्हे. ही शोभेची जात आहे, नाजूक असणार. आणि तो जमिनीत होता, ही वीतभर कुंडीत आहेत. म्हणून मी पाणी चालूच ठेवलं. रात्रीची थंडी वाढली म्हणून स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्याखाली कुंड्या हलवल्या, यांची घोंगडी दोन पदरी करून भोवती गुंडाळली. निशा भाजी चिरताना पाय आखडून उभी राहते. एकदा म्हणाली की आई, यांना कानटोप्याही आणू का. प्रणय मात्र हसला नाही. तो माझ्याकडं बघत राहिला आणि ऑफिसला गेला.

सहा तारखेला सगळे भडकल गेटला अभिवादनाला गेले. लग्न झाल्यापासून मी एकदाही चुकवलं नव्हतं. या वर्षी पांढरी साडी नेसले, चप्पल घातली आणि परत काढली. मला वाटलं, मी नसताना काही झालं तर? प्रणयला डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

झालं ते काल झालं. पहिल्या कुंडीतलं पिलू आडवं पडलं. हात लावला तर बुडाशी पिकल्या केळ्यासारखं मऊ लागलं आणि वास आला. माती उकरली, आत कंद म्हणून काही राहिलंच नव्हतं. मी दिवसातून दोनदा बघत होते, पुस्तक वाचून सगळं करत होते, आणि ते खालून सडत होतं.

भामा, आता मी जे कुणाला सांगितलं नाही ते लिहिते. अकरा तारखेला यांचे डोळे पिवळे दिसले आणि मी चार दिवस गप्प राहिले. कोणाला सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी डोक्यात होतं. मग यांना खाज सुटली, लघवी चहासारखी होऊ लागली, तेव्हा प्रणयकडून तुला निरोप दिला आणि काविळीची माळ मागवली. कडुबाजी घेऊन आले. ती काड्यांची माळ यांच्या डोक्यावर ठेवली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, यांनी जन्मभर असल्या गंड्यादोऱ्यांवरून लोकांशी वाद घातलेले, आणि मी वाचणारी बाई त्यांच्या डोक्यावर माळ ठेवते. ते काही बोलले नाहीत. माळ रोज सैल होत गेली. गळ्यात आली, मग छातीवर, मग पोटावर. माळ उतरली म्हणजे कावीळ उतरली, असं म्हणून मी खूश होत होते. खरं तर त्या काड्या वाळल्या की दोरा सुटतो आणि माळ लांब होते. हे मला आता कळतं. नऊ दिवस गेले त्यात. दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं की आधी का नाही आणलं. ऑगस्टच्या एकोणीसला हे गेले.

डॉक्टरचं ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. आता चार पिलं उरली आहेत आणि त्यातल्या दोघांची पानं पिवळी पडू लागली आहेत. मला वाटतं, माझ्या नजरेतच काही वाईट आहे. मी उशिरा बघते.

आणि एक विचारते. डोळ्यांचं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तू त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस. कडुबाजी चहा टाकून का गेले?

थोडं सविस्तर लिही. तू नुसती ख्यालीखुशाली कळवलीस तर मला राग येतो, आणि राग आला तरी माया जात नाही, ही अडचण आहे.

तुझी,
अक्का


वैजापूर
१३ डिसेंबर

ती. अक्कास,
जयभीम.

माळ मी आणवली. त्या म्हाताऱ्याच्या दारात सकाळपासून मी रांगेत बसले होते. तवा दोष द्यायचा तर मला दे. तू सोताला बोल लावू नको. त्या नऊ दिवसांनी काय फरक पडला नसता. हे मी उगं समजूत घालायला लिहीत नाय.

मालकांना काय बी इचारू नको. त्यांच्या डोक्याला कांद्याचा ताप हाय.

आता चमकोऱ्याचं ऐक. उरलेल्या चौघांचं पाणी आजपासून बंद. आठ दिवस माती कोरडी होऊ दे. मग देठ चार बोटं ठेवून पानं काप, हिरवं असलं तरी काप. कंद हलक्या हातानं काढ, माती झटक, धुऊ नको. दोन दिवस सावलीत ठेव, मग कोरड्या वाळूत, खोक्यात, उंचावर. होळी झाली की परत लाव. मी सांगते म्हणून कर. कुठून कळलं ते इचारू नको.

लई लिहायला येळ नाय. बाया आल्यात. तुझ्या पाया पडते, एवढं ऐक.

तुझी,
भामा


उस्मानपुरा
१७ डिसेंबर

चि. सौ. भामास,
सप्रेम जयभीम.

दुसरं पिलूही गेलं. तसंच, खालून. त्याचं वरचं पान शेवटपर्यंत ताठ होतं, म्हणून मी त्याच्यावर भरवसा ठेवून होते. आता तीन आहेत. दोघांना पान राहिलेलं नाही, नुसता देठाचा खुंट. तिसऱ्याला दोन आहेत, त्यातलं एक कडेनं पिवळं. पेपरात पारा नऊवर आला म्हणून छापलं आहे. मी घरातून बाहेर पडत नाही. भाजीही निशाच आणते.

प्रणयनं काल समजावणीच्या सुरात सांगितलं की आई, मी तुला नवीन रोपं आणून देतो, हवी तेवढी, ही टाकून देऊ. तो त्याच्या जागी बरोबर आहे. त्याला वाटतं आईला झाडं पाहिजेत.

आता तुझ्या पत्राचं. मी ते वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. भामा, तू जन्मात कधी कंद वाळूत ठेवला नाहीस. तू मिरच्या वाळवतेस, कांदा चाळीत भरतेस. देठ चार बोटं ठेवून, माती झटक, धुऊ नको, हिरवं असलं तरी काप, ही वाक्यं तुझी नाहीत. तुझ्या बोलीतून लिहिली आहेत, पण तुझी नाहीत. असं बोटांच्या मापानं बोलणारा एकच माणूस मला माहीत आहे. बागेत हाताखाली पोरं यायची त्यांना हे असंच सांगायचे, मी एकोणतीस वर्षं ऐकलं आहे.

मग हे तुला यांनी कधी सांगितलं? आणि मला का नाही? रोज सकाळी माझ्यासमोर या कुंड्या पुसत होते. थंडीत काय करायचं ते एका शब्दानं बोलले नाहीत. उलट मी एकदा विचारलं होतं की इतकी लहान पिलं थंडीत टिकतील का, तर म्हणाले की बघू तेव्हाचं तेव्हा. मला त्या वेळी काही वाटलं नाही. आता वाटतं.

नऊ दिवसांनी फरक पडला नसता, हेही तू लिहिलंस. समजूत म्हणून नाही, असं लिहिलंस. तुला कसं माहीत?

मला भीती वाटते तुझ्या उत्तराची. तरी पाठव. हे पत्र पोचलं की त्याच दिवशी लिही. मी तुझी थोरली बहीण म्हणून सांगते आहे.

अक्का


वैजापूर
२१ डिसेंबर

ती. अक्कास,
जयभीम.

तीन कागद फाडले, हा चौथा. मालक म्हणाले की लिही आता, मी बी थकलो.

मे महिन्यात दाजी इकडं आले होते. तुला सांगून आले की कडुबाच्या रानात लिंबाची कलमं बांधायचीत. कलमं बांधली नायत. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते आन मालक परत तुमच्याच शहरात गेले, दवाखान्यात. तपासण्या दाजींनी आधीच गुपचूप केल्या होत्या. त्या दिवशी नुसते कागद घ्यायचे होते. एकट्यानं घ्यायला भ्या वाटत होतं, म्हणून मालकांना नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की पित्ताच्या नळीपाशी गाठ हाय, पसरलीय, आता ऑपरेशनाचा उपयोग नाय. चार महिने, लई तर सहा. पुढं कावीळ दिसंल हे बी तवाच सांगितलं होतं. ते कागद आमच्या कोठीत गव्हाच्या पिंपामागं हायत. तुला इचारणारा तो तरुण डॉक्टर नवा होता, त्यानं ते कागद पाहिले नव्हते. अक्का, तुझे नऊ दिवस कुठंच गेले नायत. त्या आधीच सगळं झालं होतं.

संध्याकाळी दाजी आमच्या ओट्यावर बसले. मी म्हटलं, अक्काला सांगायलाच पायजे. लई भांडले मी, भांडताना रडले बी. मला ऐकू कमी येतं म्हणून ते माझ्या तोंडासमोर येऊन बोलले. म्हणाले, ‘चंपा भ्याली की जेवत नाय. प्रणयच्या टायफॉइडात अकरा दिवस चहावर राहिली. आता चार महिने चहावर राहील. मला तिच्या हातचं खायचंय, आन तिला माझ्यासमोर जेवताना बघायचंय.’ मालकांनी शपथ घाला म्हटलं तर दाजी म्हणाले की शपथ-बिपथ आपल्यात नाय, शब्द द्या. आम्ही दोघांनी दिला.

मग उठता उठता त्या पिलांचं काढलं. पिलं लावलीत, पण थंडी मला दिसायची नाय म्हणाले. पान पिवळं पडलं की चंपा घाबरून पाणी घालंल, आन पाण्यानं ती मरतील, तवा तू तिला सांग. मला चार चार वेळा म्हणायला लावलं. चार बोटं, हिरवं असलं तरी, धुऊ नको. मी म्हटलं की हे तरी तुम्हीच सांगा. तर म्हणाले की मी आत्ता सांगितलं तर ती इचारंल, थंडीत तुम्ही कुठं जाणार?

तुझं पयलं पत्र आलं तवाच मला हे लिहायचं होतं. दाजींनी सांगितलंय असं लिहिलं तर तू कधी म्हणून इचारणार, आन मग सगळंच निघणार. म्हणून आईच्या चमकोऱ्याची गोष्ट सांगितली. मला वाटलं तू तेवढ्यावर ऐकशील. तू ऐकलं नाय. दोन पिलं माझ्यामुळं गेली.

माळेचं बी सांगते. तू मागवलीस तवा मी मालकांना म्हटलं, आता सांगून टाका. पण मालक माळ घेऊन आले तवा तू पाणी आणायला आत गेलीस, आन दाजींनी त्यांना खुणावलं. हळूच म्हणाले की जन्मभर असल्या गोष्टींवर लोकांशी भांडलो, आता चार दिवस गप बसतो. तिला तेवढी झोप लागू दे.

माझ्यावर राग धर, पण लई दिवस धरू नको. मला आता तुझ्याशिवाय थोरलं कुणी नाय.

तुझी,
भामा


उस्मानपुरा
२५ डिसेंबर

चि. सौ. भामास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र काल मिळालं. चार वेळा वाचलं. शब्द सगळे सोपे होते, तरी पहिल्या वेळी काही कळलं नाही.

राग आला आहे. त्यांचा जास्त, तुमचा कमी. तिघांनी बसून माझ्या जेवणाची काळजी केली आणि मला कुणी विचारलं नाही. मे ते जुलै मी पोटभर जेवले, भामा. ते ताटात अर्धी भाकरी टाकून उठायचे आणि मी चिडायचे. एकदा म्हटलं की म्हातारपणी नखरे सुचतात तुम्हाला. ते हसले आणि उरलेली अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, मला दाखवत. रात्री त्यांना ती उलटून पडली असेल. मी झोपलेली असेन. मला माहीत असतं तर मी तसं बोलले नसते. पण मग ते हसलेही नसते, आम्ही दोघं एकमेकांकडं बघत रडत बसलो असतो, हेही मला दिसतं. दोन्ही खरं आहे. याचं काय करायचं ते मला कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

ते नऊ दिवस मी पाच महिने डोक्यावर घेऊन हिंडत होते. सकाळी उठले की आधी ते. आता तू म्हणतेस ते नव्हतेच. मला हलकं वाटायला हवं होतं. अजून वाटत नाही. नुसती पायरी चुकल्यासारखं झालं आहे.

प्रणयला काल संध्याकाळी सांगितलं. तो माझ्याशेजारी खाली बसला, ओट्याखालच्या कुंड्यांकडं बघत. म्हणाला की पप्पांनी मे महिन्यात माझ्याकडून गाडी शिकून घ्यायचं काढलं होतं, आई, मग तुलाही शिकवीन म्हणायचे. निशानं जेवायला वाढलं आणि मी जेवले. हे तुला मुद्दाम कळवते.

पिलांचं सांगते. मागचं पत्र तुला टाकलं त्या दिवसापासून पाणी घातलेलं नाही. घोंगडी काढून घडी घातली. पण कापायला हात होत नाही. दोघांचे नुसते खुंट आहेत. तिसऱ्याचं पिवळं पान गळालं, एक राहिलं आहे, तळहाताएवढं, अगदी हिरवं. हिरवं असलं तरी काप, हे त्यांचंच म्हणणं आहे हे आता मला माहीत आहे, आणि तरी भीती वाटते. मातीखाली काय आहे ते वरून दिसत नाही. कंद काढला आणि तोही मऊ निघाला तर मग मी काय करायचं? जोवर काढत नाही तोवर ती आहेत, असं मन धरून बसलं आहे. जुलैतही मी असेच चार दिवस काढले होते. हे मला कळतं. कळून हात हलत नाही.

दोन पिलं तुझ्यामुळं गेली असं तू लिहिलंस. तुझ्यामुळं एक म्हण, दुसरं माझ्या हट्टामुळं. तुझा सल्ला आला तेव्हा मला वाटलं की बहिणीला काय कळतं, ती चौथी पास.

कोठीतले कागद जपून ठेव. ओल लागू देऊ नकोस. पंधरा दिवसांनी येते. ते कागद मला कुणी वाचून दाखवायचे नाहीत. मी स्वतः वाचीन, नाही समजलं तर कडुबाजींना विचारीन. कडुबाजींना म्हणावं, चहा टाकून पळू नका, मी भांडायला येत नाही. थोडंसं भांडेन.

राग महिनाअखेरपर्यंत जाईल असं वाटतं. तोवर तूच लिहीत राहा, आणि मी उत्तर दिलं नाही तरी मला सोडू नकोस.

तुझी,
चंपाअक्का

ता. क., २६ डिसेंबर. पत्र काल पेटीत टाकलं नाही. आज सकाळी प्रणय-निशा कामावर गेल्यावर फरशीवर पेपर पसरला आणि तिन्ही कुंड्या उलट्या केल्या. एक कंद सुपारीएवढा आहे, दोन लिंबाएवढे. दाबून पाहिले, टणक आहेत. धुतले नाहीत. हाताला खाज सुटली म्हणून चिंच चोळली. खुंट चार बोटं ठेवून कापले. हिरवं पान शेवटी कापलं.